शाळेसमोरचा उंचवटा

मित्रांनो, मी एक जुना गतिरोधक आहे. हे माझं पुस्तकातलं नाव. गावात मला ब्रेकर म्हणतात, आणि गाडी आपटली की जे म्हणतात ते तुम्हा मुलांपुढे सांगण्यासारखं नाही. शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीपासून जवळच एका गावात, शाळेसमोर मी पाठ वर काढून पडलेला असतो.

माझा जन्म सरकारी नाही. उसाच्या ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून ट्रॅक्टर या रस्त्यानं सुसाट जायचे. समोर राहणाऱ्या लोटनबाबांची नात रंजिता एकदा अशा ट्रॉलीखाली येता येता वाचली. तिचं दप्तर मात्र चाकाखाली गेलं. बाबांनी रस्त्यांच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला, हेलपाटे घातले, पण कोणी दाद देईना. शेवटी ते म्हणाले, "सरकारनी वाट कितला दिन देखू? घर मन्हं, नात मन्ही, मंग ब्रेकर बी मन्हा." बाबांच्या घराचा स्लॅब घालून उरलेली खडी आणि सिमेंट होतंच. ते टाकून गावकऱ्यांनी भर दुपारी मला घडवलं.

माप कोणी घेतलं? छे, त्याचं नावच नको. "आखो टाक, आखो टाक" करत, आणखी आणखी भर घालत त्यांनी मला वीतभराहून उंच केलं. पांढरे पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही. पण ट्रॅक्टर हळू झाले आणि मुलं रमतगमत रस्ता ओलांडू लागली. आया मला दुवा द्यायच्या. खोटं कशाला बोलू, मला भारी अभिमान वाटायचा.

मग एका संध्याकाळी लोटनबाबांच्या पत्नी दगूबाई लग्नाहून परत येत होत्या. बाहेरगावच्या भाच्याची मोटरसायकल होती आणि त्या मागे बसल्या होत्या. त्या भाच्याला मी दिसलोच नाही. दगूबाई उडून पडल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांचं कण्हणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मात्र कचेरीला जाग आली. तिथल्या नव्या इंजिनियर दिपालीताई मला उपटायला जेसीबी घेऊन आल्या. जेसीबी कडेला लागताच लोटनबाबा माझ्या एका टोकावर मांडी ठोकून बसले.

"बाबा, रस्ता तुमच्या एकट्याचा नाही," ताई म्हणाल्या. "उद्या जो तो आपल्या दारात असा ढीग घालेल. तुमच्याच घरातलं माणूस पडलं ना?"

"पडनी. चूक मन्हीच शे," बाबा म्हणाले. "पण आज तुम्ही हाऊ काढशात, मंग सकाय पोरे कसं जातीन? पहिले कायदाना ब्रेकर करा, मंग मी उठसू."

"नव्याची मंजुरी वेगळी असते. वेळ लागेल."

"मंग मी बठेल शे."

तेवढ्यात शाळा सुटली. रोजच्या सवयीनं मुलं डावीउजवीकडे न बघताच रस्त्यावर आली. समोरून उसाचा एक ट्रॅक्टर भरधाव येत होता. रोजच्यासारखा माझ्यापाशी तो हळू झाला आणि रंजिता मैत्रिणीचा हात धरून पलीकडे गेली. दिपालीताईंनी वाकून माझी उंची मापली. मग त्या जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "पूर्ण उपटू नको. वरचं खरवड, दोन्हीकडे लांब उतार दे. वरून विचारणा झाली तर मी बघते."

बाबा उठले. त्यांनी घरातून चुना आणला. पट्टे कुठे मारायचे ते ताईंनी आखून दिलं.

तेव्हापासून मी बुटका आणि पट्टेवाला झालो आहे. दगूबाई काठी टेकत मला ओलांडतात, आणि मी मनातल्या मनात त्यांची माफी मागतो.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही गाड्या चालवाल. मोकळ्या रस्त्यानं जायचा हक्क तुमचा आहेच, तो कोणी हिरावू नये. पण शाळा दिसली की आपणहून हळू व्हा. मग बाबांना खडी टाकावी लागणार नाही आणि सरकारलाही माझ्यापायी धावावं लागणार नाही. तसा दिवस आला तर मला खुशाल उखडून टाका. मी हूं की चूं करणार नाही.