बसरेवाल्यांची खोली

बापूरावांनी चौथी खुर्ची फडक्याने पुसली, तिच्या आखूड पायाखाली कौलाचा तुकडा सरकवला आणि धरलेली कंबर दाबत ते तसेच उभे राहिले. बाकीच्या तीनपैकी दोन खुर्च्यांवर श्रावण आणि लहानू केव्हाचे येऊन बसले होते. श्रावण पेंगत होता. लहानूला ऐकू येत नसे, म्हणून तो सगळ्यांकडे पाहून सारखा मान हलवत होता.

"येईन ना थो प्रेमदास?" श्रावणने डोळे न उघडताच विचारलं.

"येतो म्हन्ला हाय."

सरपंच अण्णाजी दुपारी येणार होते. अल्लीपुरात मुलींची शाळा मंजूर झाली होती आणि तिला जागा नव्हती. बाजाराच्या कडेची ही कौलारू खोली पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला जाऊन परतलेल्या शिपायांच्या मंडळाला मिळालेली. गाव तिला बसरेवाल्यांची खोली म्हणे. मंडळ जिवंत आहे तोवर खोली काढून घेता येत नव्हती, आणि मंडळ जिवंत राहायला नियमाप्रमाणे चार सभासद लागत. एके काळी इथे बसायला जागा पुरत नसे. पोळ्याला सगळे बिल्ले लावून गावातून चालत आणि पोरं मागे धावत. पुढे इंग्रज गेला, भिंतीवरचा बादशहा खाली उतरला आणि त्याच्या चौकटीत सरकीच्या दुकानाचं कॅलेंडर आलं. एकेक जण मसणवटीत गेला आणि आता तिघेच उरले होते. उरलेल्यांच्या गोष्टी एकमेकांना इतक्या पाठ झाल्या की एकाने तोंड उघडलं की दुसरा शेवट सांगून मोकळा होई.

तरी बापूराव रोज येत. मुलगा वाईट नव्हता, सून वेळेवर चहा देई. पण वावरात काय पेरायचं ते आता त्यांना कुणी विचारत नसे. घरी ते नुसतं म्हातारं होतं, हवालदार फक्त या चार भिंतींत. खोली गेली तर उरलेले दिवस कुठे घेऊन बसायचं, या काळजीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

म्हणूनच काल ते नाल्यापलीकडे प्रेमदासच्या घरी गेले होते. प्रेमदास बसऱ्याला त्यांच्याच छावणीत होता. तिथे दोघांनी एकाच परातीतली रोटी उचलली होती. पण तिकडचं तिकडे आणि इकडचं इकडे. गावात आल्यावर प्रेमदास खोलीच्या पायरीवर बसू लागला, आणि तीस-पस्तीस वर्षं पायरीवरूनच हसला-बोलला. दिवाळीला भिंतींना चुना तोच लावी. चुना लावायला आत यायला हरकत नसे. दोन वर्षांपूर्वी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्याने पायरीही सोडली होती.

काल त्याच्या बायकोने, धुरपताने, अंगणात खाट टाकली, वर धुतलेली वाकळ अंथरली. बापूराव उभेच राहिले. घाई आहे म्हणाले. कसली घाई, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आता आत बसजो," ते प्रेमदासला म्हणाले होते. "खुर्चीवर. आता कोनाची मनाई नाई."

म्हणताना काहीतरी मोठं देऊन टाकल्यासारखं त्यांना बरं वाटलं होतं. प्रेमदास "येतो" म्हणाला.

आणि तो खरोखर आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा. पायरीखाली चपला काढल्या, क्षणभर थांबला, आणि उंबरा ओलांडून सरळ चौथ्या खुर्चीत बसला. लहानूने जोरजोरात मान हलवली. बापूरावांच्या जिवात जीव आला. त्याचा खांदा थोपटायला त्यांनी हात उचलला, पण मधेच त्या हाताने खिडकीची कडी लावली.

अण्णाजी आले ते दारातच उभे राहिले. माणूस भला होता. म्हाताऱ्यांना दुखवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"झाले का चार?"

"मोजून घ्या," बापूराव म्हणाले.

"प्रेमदासजी, तुमी हाय ना मंडळात? हो म्हना, मी असाच वापस जातो."

 प्रेमदासने आढ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, श्रावणच्या पेंगुळल्या तोंडाकडे पाहिलं. बाजारात बैल पाहावा तसा सावकाश.

"इतके वर्सं मले वाटे, आत काय हाय बाप्पा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नुसता थकवा होता. "आज बसून पाह्यलं. बसन्यासारखं काई नाई."

श्रावणची झोप उडाली.

"खोली शाळेले द्या, अन्नाजी. माही नात सा वर्साची झाली. पोट्टी आतमंदी बसन."

अण्णाजी बापूरावांकडे पाहू लागले. बापूरावांना भांडायचं होतं. जुनी दोस्ती काढायची होती, बसऱ्याची परात काढायची होती. पण ती परात त्यांनी इतक्या वर्षांत या खोलीत एकदाही काढली नव्हती, हे त्यांना ऐन वेळी आठवलं. त्यांनी करदोड्याला बांधलेली किल्ली चाचपली. गाठ सुटेना. शेवटी श्रावणने उठून सोडवून दिली.

अण्णाजी किल्ली घेऊन गेले. श्रावण लहानूचा हात धरून, काय झालं ते त्याला खुणांनी समजावत, बाजाराकडे निघाला. प्रेमदास बाहेर चपला पायात घालत होता. बापूराव दारात आले. 

"बोल्ला काऊन नाई रे कधी?"

प्रेमदासने दुसरी चपल घातली, वर पाहिलं.

"तुमी रोज आतमंदी पायरीकडेच तोंड करून तर बसत होते, हवालदार," तो म्हणाला, आणि नाल्याच्या वाटेला लागला.