लुमिंगला हवी कुऱ्हाड

तिबो अंगणात उकिडवा बसून बदामासारख्या पिलीच्या बिया फोडत होता. कोयत्याचा एक नेमका घाव घातला की कवच दुभंगून आतला गर सुटा. तेवढ्यात शेजारची लुमिंग कुंपणातून ओरडत आली, "तिबो, तुझी कुऱ्हाड दे रं!"

"कशापायी गं, मनाय?" थोरली बहीण म्हणून सारा गाव तिला मनायच म्हणायचा.

"माझं पिलीचं झाड पाडते. धा वर्सं झाली, एक फळ न्हाई. तूच सांगत फिरतोस न्हवं, लुमिंगच्या झाडाखाली जाऊन सावली खावी म्हणून?"

तिबोनं कोयता खाली ठेवला. लुमिंगचं झाड नर होतं. त्याच्या फुलांवरून माश्या उडून यायच्या, तेव्हा कुठं तिबोची पाच झाडं जांभळ्या फळांनी लगडायची. स्वतःच्या वाडीतला नर ह्या शहाण्यानं फुकट जागा खातो म्हणून कधीच तोडला होता. पुढं तीन वर्षं झाडं रिकामी. लुमिंगचं झाड फुलायला लागलं, तेव्हा नशीब उघडलं. पण हे बोलणार कोण?

"दांडा मोडलाय कुऱ्हाडीचा."

"ती काय भिंतीला टेकलीया, धडधाकट!"

"धार न्हाई."

"मी लावते की."

"अगं, वादळाचं दिस आलं! मागल्या खेपंला नारळ आडवे झाले, पर तुझी पिली हालली न्हाई. घर तिलाच बांधलं व्हतंस ना दोरानं?"

"औंदा तुझ्या झाडाला बांधीन."

असं म्हणून लुमिंगनं कुऱ्हाड उचलली न् चालायला लागली. तिबो धावत जाऊन आडवा झाला.

"पाया पडतो, तोडू नगंस! नर हाय ते. ते गेलं तर माझी पाची झाडं वाया जातील!"

आत चुलीपाशी त्याची बायको खो खो हसत सुटली.

"म्हंजी माझं झाड तुझा जावई, आन मी तुझी विहीण," लुमिंग म्हणाली. "धा वर्सं विहिणीची वटी रिकामी ठेवलीस. लाज न्हाई वाटली?"

"किती देऊ, बोल."

"दर तोडणीला दोन टोपल्या. आन रविवारी चर्चच्या दारात साऱ्यांम्होरं सांगायचं, तुझी झाडं कुणाच्या जिवावर फळतात ते."

तिबोनं मान डोलावली. मग हळूच विचारलं, "तुला खरंच म्हाईत न्हवतं व्हय?"

"पयल्या फुलोऱ्यालाच कळलं व्हतं. तुझं तोंड कवा उघडतंय ते बघत व्हते."

गराची मूठ भरून ती निघाली.

"मनाय, कुऱ्हाड?"

"ऱ्हाऊ दे माझ्याकडं," ती वळूनही न बघता म्हणाली. "तोडणीपत्तूर."