एका जुन्या प्रोसेसरचा ताप

मित्रांनो, तळहातावर सहज मावेल एवढा, वरून धातूचं चकचकीत झाकण आणि खालून बारीक सोनेरी ठिपके असलेला एक जुना प्रोसेसर तुमच्याशी बोलतो आहे. संगणकावर चित्र हलतं, अक्षर उमटतं, आकडेमोड होते, ते सगळं माझ्यासारख्याच्या डोक्यातून जातं. म्हणून लोक आम्हाला संगणकाचा मेंदू म्हणतात. मेंदूला स्वस्थता नसते. मलाही कधी नव्हती.

मला घडवणारी कंपनी छोटी होती. मी बाहेर पडलो आणि थोड्याच काळात तिला टाळं लागलं. बाजारात दोनच मोठे स्पर्धक उरले. एकाच्या डब्यावर डोंगराचं चित्र, दुसऱ्याच्या डब्यावर पाखराचं. दोघांमध्ये विस्तव जात नसे.

मी पोचलो एका मासिकाच्या कचेरीत. नवे संगणक, नवे प्रोसेसर तपासून वाचकांना खरं काय ते सांगायचं, हे त्या मासिकाचं काम. तपासणीची खोली लांबट होती. टेबलावर उघडीवाघडी यंत्रं, त्यांच्यातून लोंबणाऱ्या तारा आणि मधोमध बसलेली एक बाई. कचेरीतले सगळे तिला ताई म्हणत. तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती संपादकांना म्हणाली, "हा ना डोंगरवाल्यांचा, ना पाखरूवाल्यांचा. हा आपला एक. बाकीचे याच्या किती पट, तेवढंच सांगायचं."

झालं! मी मोजमाप बनलो. दरवर्षी दोन्ही कंपन्यांची नवी पिढी तपासायला यायची आणि तपासून झाली की परत जायची. मी मात्र जागचा हलायचो नाही. एकाच कार्टूनचं एकच दृश्य मी रंगवायचो आणि तेच दृश्य शेजारच्या यंत्रावर नवा पाहुणा रंगवायचा. तो कधीच चहा प्यायला निघून गेलेला असायचा म्हणा ना, आणि मी अजून आभाळच रंगवत असायचो. कुणी माझ्या दुप्पट ठरे, कुणी तिप्पट. नवा डबा दाराशी दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा. हरण्याचं दुःख नव्हतं, मित्रांनो. आपण नीट हरतोय ना, याची धाकधूक होती.

वर्षं गेली. नव्या पाहुण्यांना सगळे जपून हाताळत. त्यांचं तापमान ताई पडद्यावर सतत पाहत असे. माझ्याकडे मात्र कुणी पाहिना. आमच्या जातीला उष्णतेचं वावडं. म्हणून डोक्यावर पत्र्यांचा जाड गठ्ठा बसवतात, त्यावर पंखा लावतात आणि मधे उष्णता वर पोचवणारी थोडी पेस्ट लेपतात. माझी ती पेस्ट सुकून तिला भेगा पडल्या. पत्र्यांच्या फटींत धुळीचा कापूस साचला. आम्ही फार तापलो की आपोआप वेग कमी करतो, नाहीतर जळून जाऊ. मीही तेच करू लागलो. मला तोंड नाही, पण माझा पंखा जिवाच्या आकांतानं घरघरत होता. ताईनं कानांवर हेडफोन चढवले होते. "नवे प्रोग्रॅम जड झालेत. म्हातारा दमतोय," एवढंच ती म्हणाली.

मग डोंगरवाल्यांची नवी पिढी आली. ती माझ्या पाचपट निघाली! संपादक टाळी देत म्हणाले, "मथळा मिळाला!"

"थांबा हो, पुन्हा एकदा चालवून बघते," ताई म्हणाली.

तिनं पुन्हा चालवलं. पण मी तितकाच तापलेलो, तितकाच मंद. आकडा तोच आला. ताईनं पहिल्या पानावर लिहिलं, 'आजवरची सर्वांत मोठी झेप'. डोंगरवाल्यांनी ते वाक्य चौकाचौकांतल्या फलकांवर लावलं.

ताईचा थोरला भाऊ कार्टूनपट बनवणारी कार्यशाळा चालवत असे. तो आनंदानं धावतच आला. "छोटे, तू म्हणतेस म्हणजे मी डोळे झाकून घेणार. निम्मी जुनी यंत्रं काढूनसुद्धा टाकली. आणि चॅनेलला सांगितलंय, सिनेमा ठरल्यापेक्षा आधीच हातात देतो!"

"दादा, जरा दमानं घे."

"पाचपट म्हणालीस ना? मग कसला दम?"

पुढे पाखरूवाल्यांची नवी पिढी आली. तीही माझ्या जवळजवळ पाचपट! संपादक खूश झाले, त्यांनी लगेच पाखरूवाल्यांना आकडा कळवलाही. ताईला मात्र बसवेना. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. "एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन कंपन्या. दोघीही एकाच वर्षी एवढ्या कशा उडाल्या?" असं पुटपुटत तिनं हेडफोन काढून टेबलावर फेकले. आणि तिला माझा पंखा ऐकू आला.

"अगं बाई! हा कधीपासून असा कोकलतोय?"

तिनं पत्र्यांना बोट लावलं आणि "आई गं!" करून झटकन मागे घेतलं. मग तिनं मला बंद केलं, निवू दिलं. पत्र्यांचा गठ्ठा उचकटून काढला. सुकलेली पेस्ट पुसली, ब्रशनं कापूस झाडला, नवी पेस्ट लावली. काय सांगू, किती मोकळं वाटलं! तेच दृश्य मी पुन्हा रंगवायला घेतलं आणि पहिल्या दिवसासारखा धावलो. आकडे नव्यानं मांडले. डोंगर तिपटीच्या जरासा पुढे, पाखरू तिपटीच्या जरासं मागे पण वीज कमी खाणारं. दोघंही चांगले होते. झेप मात्र कुणीच घेतली नव्हती. मी खाली बसलो होतो, म्हणून ते उंच दिसले होते.

मी बरा झालो आणि ताईचा चेहरा उतरला.

संपादक येऊन उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला कळणार आहे? हा भंगारात दे. पुढच्या अंकापासून दुसरा कुणीतरी मोजायला ठेवू."

मी गेलो असतो, तर सगळं मिटलं असतं.

"तो नाही चुकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. दुरुस्ती छापायची," ताई म्हणाली.

"बरं. आतल्या पानावर, कोपऱ्यात छापू."

"चूक पहिल्या पानावर होती ना? मग दुरुस्तीपण तिथेच."

पण छापायच्या आधी तिनं दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "आणि मी शब्द देऊन बसलोय, त्याचं काय?" मग फोन बंद झाला.

अंक निघाला. डोंगरवाल्यांनी फलक उतरवले आणि तोंड फिरवलं. पाखरूवाले चिडले, आमची झेप का कापली म्हणून. वाचकांपैकी कुणी ताईला विकली गेलेली म्हटलं, कुणी भित्री. ती उत्तर देत राहिली. दादा मात्र येईना. दरवाजा वाजला की ती मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. तिच्याइतकाच मीही कासावीस होतो.

एका दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. खुर्चीत धपकन बसला.

"चॅनेल मुदत वाढवून देत नाही. नवी यंत्रं चांगली आहेत, पण पाचपट नाहीत. माझी माणसं पार थकलीत." मग थोडं थांबून म्हणाला, "उरलेली जुनी यंत्रं आहेत. टाकू की ठेवू? या वेळी खरं सांग."

"पाहिल्याशिवाय नाही सांगणार," ताई म्हणाली. तिनं ब्रश आणि पेस्टची नळी पिशवीत टाकली आणि त्याच्याबरोबर निघाली.

पुढचं मी ताईच्या तोंडून ऐकलेलं. बहीणभावानं मिळून एकेक यंत्र उघडलं, झाडलं, पुसलं. काही कायमची गेलेली होती. बरीच मात्र पुन्हा पळू लागली. सिनेमा वेळेवर गेला, पण अपुरा. त्यातला घोडा पळायचा होता, पण तेवढी चित्रं रंगवून झालीच नाहीत, म्हणून तो एकाच चित्रात नुसता उभा राहिला. दादा आता पुन्हा कचेरीत येतो, हसतो, चहा पितो. जाताना कधीतरी म्हणतो, "छोटे, तुझ्यामुळे माझा घोडा पळायचा राहिला."

मित्रांनो, नव्याचं कौतुक जरूर करा. पण ज्याच्या शेजारी उभं करून ते कौतुक करता, तो जुना बरा आहे ना, त्याला काही होतंय का, एवढं आधी विचारा. तो हरायला तयार असतो. त्याला फक्त नीट हरू द्या.

आज सकाळी डोंगराचा आणि पाखराचा, दोन्ही नवे डबे आले आहेत. संपादक घाई करताहेत. माझा जीव पुन्हा खालीवर होतो आहे. ताईनं डबे बाजूला सरकवलेत आणि ती आधी मला उघडते आहे.