हर्रासातले शब्द

"तुमी नुसते बसून राहा. मान हालवा. तोंड उघडू नका," नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावता लावता छायाने पुन्हा बजावलं. केशवरावांनी मान हलवली.

उभी हयात त्यांनी सिंदीच्या बाजारात कापसाचा हर्रास बोलला होता. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढून बघायचा आणि भाव पुकारायचा. मागे व्यापाऱ्यांचा घोळका, चढती बोली. गेल्या उन्हाळ्यात लकव्याने उजवं अंग नेलं आणि शब्दही नेले. जिभेला ज्यांचं वळण पडलं होतं तेवढेच राहिले, असं डॉक्टर म्हणाले.

पाणी हवं असलं, तर: सात हजार.

पाठ खाजली, तर: सात हजार पन्नास.

बायकोला हाक: बोला, बोला.

आत मात्र सगळं जागच्या जागी होतं. चुकतंय हे त्यांना कळायचं. म्हणून ते पुन्हा प्रयत्न करायचे, आणि दर वेळी भाव चढायचा.

केळझरहून विवेक, त्याचे आईवडील आणि मामा भैयाजी आले. विवेक आणि केशवरावांची मुलगी शाल्मली यांनी एकमेकांना वर्ध्याच्या अभ्यासिकेतच पसंत केलं होतं. आता फक्त मोठ्यांचा होकार उरला होता. मुलीच्या वडिलांची वाचा गेली आहे, एवढंच छायाने पाहुण्यांना कळवलं होतं. मुक्या माणसाची लोक कीव करतात. भाव पुकारणाऱ्याला हसतात.

आलुपोहे झाले. पाऊसपाणी, विवेकची बदली, नागपूरचा रस्ता, सगळं बोलून झालं. मग विवेकच्या आईने पदर सावरला आणि छायाकडे नाही, केशवरावांकडे पाहिलं.

"आमची काही मागणी नाई, भाऊजी. पोरगी आवडली. देण्याघेण्याचं नावच नको."

केशवरावांचा ऊर भरून आला. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचा भाव करायचा, पण पोरीच्या लग्नात भावाची गोष्ट निघू द्यायची नाही, हे त्यांनी तिच्या बारशापासून मनात धरलं होतं. या बाईला एक शब्द तरी द्यायला हवा. उपकार. एवढाच. तो समोर दिसत होता, खुंटीवरच्या टोपीसारखा. त्यांनी तोंड उघडलं.

"सात हजार."

त्यांना दुरुस्त करायचं होतं.

"सात हजार पन्नास. सात शंभर. बोला, बोला."

शाल्मली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पोरी, तूच सांग यांना, म्हणून केशवरावांनी डावा हात तिच्याकडे केला. माल दाखवताना करायचे, तसाच तो हात झाला.

भैयाजी गमत्या माणूस; बैठकीतली शांतता त्यांना सोसवत नसे. "घ्या, सात दोनशे आपले," ते म्हणाले आणि एकटेच हसले.

समोरून बोली आली होती.

"सात दोनशे एक बार. सात दोनशे दोन बार..."

पुढचं काय येतंय, ते केशवरावांना दिसलं. उतारावर सुटलेली बैलबंडी दिसावी, तसं. त्यांनी डावा हात तोंडावर दाबला. शब्द तळव्याआड घुमला, बाहेर आला नाही.

छायाने मग सगळं सांगितलं, डॉक्टरांपासून सगळं. फार घाईने सांगितलं. ते सारवासारव केल्यासारखं वाटलं.

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?" विवेकच्या आईचा आवाज चढलेला नव्हता. "आमी हुंडा नाई म्हणत आलो, अन् इथं पोरीचाच हर्रास."

"आई, आजारी हायेत ते," विवेक म्हणाला.

"समजलं मले. आजाराचं काई नाई. लपवलं त्याचं हाय."

कळवतो म्हणून पाहुणे उठले. भैयाजींनी निघताना केशवरावांना वाकून नमस्कार केला, फार वेळ वाकून राहिले.

गाडी वळली, तरी केशवरावांचा हात तोंडावरच होता. छायाने काढून पाहिला, निघाला नाही. ती आत गेली; मग भांडी उगाच मोठ्याने वाजू लागली.

शाल्मली ताटलीत पोहे घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मले राग नाई आला, बाबा. सकाळपासून उपाशी हाय तुमी."

तिने चमचा पुढे धरला. त्यांनी हात बाजूला केला, घास घेतला, आणि चावायच्या आत हात परत तोंडावर ठेवला. ती थांबली. मग पुढचा चमचा भरून, हात बाजूला व्हायची वाट बघत बसली.