बटण कुणी दाबलं

पासपोर्टचे फोटो काढण्यात तिची वीस वर्षं गेली. हनुवटी वर, मान सरळ, डोळे मिटू नका. सगळे तिला स्टुडिओवालीच म्हणत. या स्टुडिओवालीला पन्नाशीच्या तोंडावर पाणमांजरांनी झपाटलं. एका मासिकाच्या संपादकाने शब्द दिला होता: शुक्रवारपर्यंत फोटो आला तर मुखपृष्ठावर तिचाच, आणि आत ‘मी वाट कशी पाहिली’ यावर चार ओळी. तेवढ्यासाठी दुकानाला कुलूप लावून ती एकोणीस दिवस नदीकाठी गवताच्या आडोशात बसत होती. समोर एक सपाट दगड. त्यावर रोज ताजी घाण असे. घाण करणारे मात्र कधी दिसत नसत.

गुरुवारी सकाळी थोरली नणंद डबा घेऊन आली आणि परत जायचं नावच घेईना.

“एवढी कसली राजेशाही जनावरं, बघू तरी.”

“हळू बोला वन्सं.”

“हळूच बोलतेय. मला हळू बोलता येतं हे घरात कुणाला खरं वाटत नाही, ती गोष्ट वेगळी.”

कॅमेरा तिवईवर, दगडाकडे रोखलेला. त्याच्या लांब वायरीचं बटण दोघींच्या मधे सतरंजीवर; ते दाबलेलं राहिलं की फोटो निघतच राहत. डबा दोघींनी मिळून संपवला, पाठीवर कोवळं ऊन आलं. पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली ती मान अवघडून. शेजारी वन्सं तोंड उघडं टाकून घोरत होत्या. दगड ओला होता. तिने कॅमेऱ्यात पाहिलं. एकेचाळीस फोटो! आई, दोन पिल्लं, एकाच्या तोंडात मासा, दुसरं त्याची शेपटी ओढतंय. मिशांवरचे थेंब मोजून घ्यावेत.

“वन्सं, उठा! बटण कुणी दाबलं?”

“कसलं बटण? मी झोपले नव्हते. डोळे मिटून बसले होते.”

“मग पाणमांजरं दिसली?”

“मिटल्या डोळ्यांनी कशी दिसतील? काहीतरीच विचारतेस.”

बटण सतरंजीच्या चुणीत सापडलं. एका बाजूला वन्संची मांडी, दुसऱ्या बाजूला तिचा तळहात.

“माझ्या मांडीने काढले म्हण,” वन्सं म्हणाल्या.

“पण माझाही हात होता ना तिथे.”

“मग तुझे.”

“पण मी झोपले होते!”

“मग माझे. ठरव बाई एकदा काय ते.”

घरी ती चार ओळी लिहायला बसली. ‘संयम’ लिहिलं, खोडलं. एकोणीस दिवस डोळ्यांत तेल घालून बसली, तर काही नाही. डुलकी लागली आणि सगळं कुटुंब दर्शन द्यायला आलं. तेही वन्संच्या घोरण्याला न घाबरता!

“जागा तू शोधलीस, कॅमेरा तू लावलास,” नवरा म्हणाला. “फोटो तुझाच.”

तिला ते पटलं. मग दात घासताना पटेनासं झालं.

शुक्रवारी तिने फोटो पाठवले आणि संपादकाला फोन करून खरं ते सांगून टाकलं.

“बाई, फोटो अप्रतिम आहे,” तो म्हणाला. “संयमाबद्दल लिहा ना काहीतरी. झोपेचं कोण छापणार?”

“मग नका छापू.”

हे आपणच बोललो, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. मुखपृष्ठ गेलंच, तिला वाटलं.

पलीकडून संपादकाने विचारलं, “नाव कुणाचं टाकू, ते तरी सांगा.”

“दोघींचं. खाली लिहा, दोघी झोपल्या होत्या.”

“छापतो. पण वाचकांचा विश्वास बसायचा नाही.”

“माझाही बसत नाहीये,” ती म्हणाली.

शनिवारी पहाट सरताच ती पुन्हा आडोशात जाऊन बसली. मागोमाग वन्सं आल्या. काखेत उशी होती.

“आज काय, जागायचं की झोपायचं?”

स्टुडिओवालीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, बटणाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.