माळ्यावर

महाडात पाण्याची वर्दी आली की माणसं आधी वर बघतात. सावित्रीच्या पुराला खाडीचं उधाण भेटलं की पाणी गल्लीत शिरतं, म्हणून खालच्या आळीत घर कितीही बुटकं असो, त्याला माळा असतोच. त्या जूनमध्ये रेडिओनं वादळाची वर्दी दिली, तेव्हाही आळीनं तेच केलं. तांदळाची पिंपं, सुकटीचे डबे, अंथरुणं, सुकी लाकडं, सगळं शिडीवरून वर गेलं. ठमाबाईंनी सर्वांत आधी बाबासाहेबांची तसबीर वर नेली आणि लगोलग नातीची झोळी वाशाला टांगली.

झोळीतली पोर अजून रांगतही नव्हती. तिची आई विशाखा खाली ट्रान्झिस्टरला कान लावून बसली होती. नवरा मुंबईला गोदीत कामाला. विशाखा ठाण्याची, बी.ए. झालेली. मूल झाल्यापासून पान हललं तरी तिचे डोळे उघडत. बातम्या सांगणारा पाण्याबद्दल थोडकंच बोलला. त्याचा सगळा भर वाऱ्यावर होता. कौलारू घरात थांबू नका, पक्क्या इमारतीत जा, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं.

शाळेला स्लॅब होता. तिकडे जाऊ, असं विशाखानं सुचवून पाहिलं. ठमाबाईंनी ते उडवून लावलं. शाळा खळग्यात, दर साली बाकं तरंगतात, तिथं तान्हं घेऊन कोण जाईल? मग निदान खाली तरी राहू, ती म्हणाली. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाड. वर काय, वासे आणि कौलं.

शेजारचा कुशाबा शेवटचं पिंप खांद्यावर घेऊन शिडी चढत होता. तो मध्येच थांबला.

"वैनी, कालेजात वाऱ्याचा बी पेपर असतो काय? घर आताच शाकारलंय मी. वारा येल नि जाईल."

ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांचा पहिला मुलगा याच घरात गेला होता. त्याला बाजेवर निजवून त्या तांदूळ वर ठेवायला चढल्या आणि तेवढ्यात पाण्याचा लोंढा दारातून आत आला. हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. विशाखाला ते आळीतल्या बायकांनी सांगितलं होतं.

"वाऱ्यानं कोन मरतं गो?" त्या आता म्हणाल्या. "मानूस पान्यानं मरतं. पोर माज्याजवल ऱ्हाईल."

पुस्तकातलं काय सांगणार त्या बाईला? ती शिडीच्या पायथ्याशी वर बघत बसून राहिली.

दुपार कलली तसं पोलादपूरच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालं. वारा आला तो खाडीकडून. आधी कौलं नुसती खडखडली. मग भाकरी उलथावी तशी एक ओळच्या ओळ उलथली आणि माळ्यावर, जिथं कधी दिवस दिसला नव्हता तिथं, लख्ख उजेड पडला.

विशाखा धावत वर चढली. ठमाबाई झोळीला मिठी घालून ओणव्या झाल्या होत्या.

"आई, द्या तिला."

"खाली पानी येल."

"अजून नाही आलं. द्या."

त्या सोडीनात. विशाखानं त्यांची बोटं एकेक करून उलगडली. सासूच्या अंगाला तिनं असा जोराचा हात कधी लावला नव्हता. पोरीला काखोटीला मारून ती खाली उतरली आणि 'तुम्हीपण या' म्हणत तिनं वर वळून पाहिलं. ठमाबाई उठत होत्या. तेवढ्यात आढं खाली आलं. वासे, कौलं, पिंपं, सगळं माळ्याच्या तोंडावर कोसळलं. शिडी मोडून पडली.

पाणी आलं ते त्यानंतर. वाऱ्यानं उधाण नदीत रेटलं होतं. गढूळ पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आणि चढतच राहिलं. विशाखानं पोरीला खांद्यावर घेतलं, एका हातानं वरचा ढिगारा रेटून पाहिला. तो तसूभर हलला नाही. शेजारी आपल्या घरी गेलेल्या कुशाबाला मारलेल्या हाका दाराबाहेरसुद्धा गेल्या नसतील.

माळ्याच्या फळ्यांतून आवाज आला, अगदी डोक्यावरून.

"पोर?"

"आहे, आई. माझ्याजवळ आहे."

"पानी किती आलं गो?"

पाणी मांड्यांना लागलं होतं. बाज तरंगत भिंतीला जाऊन धडकली.

"नाही आलं," विशाखा म्हणाली. "भुई कोरडी आहे."

विशाखानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग पुन्हा तोच प्रश्न आला, जड जिभेनं. पाणी कमरेशी होतं, पोर ऊर फाटेस्तोवर रडत होती. तिला भूक लागलीय, विशाखानं सांगितलं. भुई कोरडीच आहे.

तिसऱ्यांदा नुसतं "पानी?" एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर कुणी विचारलं नाही. पोरीला डोक्यावर धरून, टाचा उंचावून, तोंड फळ्यांशी नेत विशाखा सांगत राहिली, भुई कोरडी आहे, आई, पोर निजलीय, भुई कोरडी आहे.