पहिल्या पानावरचे नाव

मी एक जुनी कादंबरी आहे, कागदी वेष्टनाची, खळीने चिकटवलेली. मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावर निळ्या शाईत एक नाव आहे. त्या नावापायी एका भल्या माणसाच्या हातात बेड्याच पडणार होत्या.

शिळफाट्याच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हिरामणने मला उचलले. माणूस शेतकरी, पण पुस्तकांचा भारी नाद. घरी आंब्याच्या फळ्यांच्या पेटीत अकरा पुस्तके होती, मी बारावी. संध्याकाळी तो वाचायचा आणि बायको बायजा तांदूळ निवडत ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण काल गोष्ट कुठे थांबली ते तिलाच आठवायचे.

बेचाळीसच्या दिवाळीनंतर चावडीवर चळवळीतल्या फरारींची यादी लागली. ती वाचून हिरामण धावतच घरी आला.

"बायजा, ह्या पुस्तकावर नाव हाय तो कोंडाजी फरारी हाय गं. मला त्याचाच साथीदार समजतील."

तेवढ्यात अंगणात बूट वाजले. बायजाने पोथी बांधायचे लाल फडके ओढले, मला त्यात गुंडाळून गाठ मारली आणि देव्हाऱ्यात ठेवले.

हवालदाराने पेटी उपडी केली, एकेक पुस्तक झटकले. मग त्याची नजर देव्हाऱ्याकडे वळली.

"ते काय हाय?"

"पोथी. बघा की. पन बूट काढा, पाय धुवा."

त्याने खरेच बूट काढले. पाणी बायजानेच घातले. माझी मात्र गाळण उडाली. भिंतीवरून उड्या मारणाऱ्या नायकाची गोष्ट मी, मला कोण पोथी म्हणणार?

हवालदाराने मला दोन्ही हातांनी उचलले. त्याचे बोट गाठीपाशी गेले.

"वाचतं कोन?"

"हे वाचतात. मी आयकते."

त्यात खोटे काहीच नव्हते. पाय धुतलेल्या त्या माणसाचे मन गाठ सोडायला काही धजेना. त्याने मला कपाळाला लावले आणि परत ठेवले.

तो गेल्यावर हिरामण ते पान फाडायला निघाला. बायजाने त्याचे मनगट धरले.

"ऱ्हाऊ द्या. पुस्तक त्याचं हाय. सुटून आला तर मागाय येईल."

पाच वर्षे मी देव्हाऱ्यात राहिले, हळदकुंकू घेत. गावात स्वातंत्र्याचे झेंडे लागले त्या दिवशी फडके सुटले. कोंडाजी काही आला नाही. बायजा तोवर अक्षरे शिकली होती. त्याच्या नावाखाली तिने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, 'पुस्तक हितंच हाय. बायजा.'

मित्रांनो, जुने पुस्तक घ्याल तेव्हा त्यावरचे नाव खोडू नका. मी अजून त्या नावाच्या माणसाची वाट पाहते आहे.